शेरा : पन्नास अक्षरांत

डावीकडे यादी, उजवीकडे तपशील,
एवढंच मागितलं होतं उद्यान खात्यानं.
माटुंग्याच्या वॉर्ड ऑफिसात, जिन्याखालच्या खोलीत,
जिथे पंखा लावला की ट्यूब मिणमिणते,
तीन आठवडे बसून मी ते बनवलं.

डावीकडे नुसते क्रमांक आणि जाती:
सोनमोहर, सोनमोहर, भेंड, ताम्हण,
पुन्हा सोनमोहर.
एकावर टिचकी मारली की ओळ निळी होते
आणि उजवीकडे झाड उभं राहतं.
घेर, उंची, कुठल्या फाटकापासून किती पावलं,
तब्येत – बरी, मध्यम, धोकादायक –
आणि सगळ्यात खाली, शेरा.

शेऱ्याला मी पन्नास अक्षरं दिली होती.
म्हटलं, झाडाबद्दल आणखी काय लिहिणार माणूस.

तांडेलबाई लिहायच्या.
एका बोटानं, ओठ हलवत, चष्मा कपाळावर.
*खोडात खिळे नऊ. एक दूधवाल्याचा, तो राहू द्यावा.*
*कावळ्याचं घरटं, तारेचं. वायरमनने हात लावू नये.*
आणि अकराशे त्र्याहत्तरला, सोनमोहराला:
*दुपारी इथे कनौजिया इस्त्रीवाले बसतात, त्यांच्या को*

तिथे यंत्रानं हात वर केले.
मी समजावलं: बाई, हे काना मोजतं, वेलांटी मोजतं,
अनुस्वाराचा ठिपकासुद्धा सोडत नाही,
आणि अक्षराचा पाय मोडला
तर मोडल्याचे वेगळे लावतं.
वाढवून देऊ का जागा?
"राहू दे," म्हणाल्या, "पुढचं मला माहीत आहे."

फेब्रुवारीत सहीशिक्क्याचं पत्र आलं.
गटाराची नवी लाइन. अकराशे त्र्याहत्तर जाणार.
गेलं.
बाईंनी ओळ निवडली, *काढून टाका* दाबलं,
*नक्की?* असं मीच विचारायला लावलेलं,
त्यावर *होय* दाबलं.

डावीकडची ओळ गेली.
बाहत्तर आणि चौऱ्याहत्तर खांद्याला खांदा लावून उभे राहिले,
जणू मध्ये कधी कुणी नव्हतंच.

पण उजवीकडे झाड तसंच.
घेर दोनशे बारा. तब्येत बरी.
शेरा, *को* पर्यंत.

चूक माझी होती.
ओळ गेल्याचं यादीला सांगितलं होतं,
उजव्या बाजूला सांगायचं राहिलं.
दुरुस्ती एका ओळीची:
काहीच निवडलेलं नसेल, तर कोरं कर.
मी खुर्ची ओढली.

"थांब," बाई म्हणाल्या, "आधी जेवून घे."
डब्यात तांदळाची भाकरी, सुका बोंबील, वालाची डाळिंबी.
आम्ही पडद्याकडे बघत जेवलो.
माउसला कुणी हात लावला नाही.
दुसऱ्या कुठल्याही झाडावर टिचकी पडली असती
तर हे पुसलं गेलं असतं.
तीनला शिपाई आला, आठशे ऐंशीचा घेर विचारायला.
"मशीन बंद आहे," बाई म्हणाल्या,
समोर ते लखलखत असताना.
तो पडद्याकडे बघून, मग बाईंकडे बघून, गेला.

"*को* म्हणजे?" मी विचारलं.
"कोळशाची राख," त्या म्हणाल्या,
"रोज मुळाशी टाकायचा. थंड करून.
मी आधी ओरडले होते त्याला.
मग उन्हाळ्यात बघितलं, सगळा रस्ता पिवळा."
भाकरीचा तुकडा त्यांनी डब्याच्या कडेला ठेवला.
"हे पन्नासात बसलं नसतं."

साडेपाचला मी ती एक ओळ लिहिली.
आता चुकत नाही.
झाड काढलं की उजवीकडे पांढरं,
मधोमध बारीक अक्षरांत: *यादीतून झाड निवडा.*

शेऱ्याला पाचशे अक्षरं केली आहेत,
बाईंना न विचारता.

परवा बिलाचं विचारायला गेलो,
बाई बँकेत गेल्या होत्या.
बसल्या बसल्या अकराशे चौऱ्याहत्तरवर टिचकी मारली.
ताम्हण. घेर एकशे चार. तब्येत मध्यम.
शेरा: *कनौजिया आता इथे. सावली कमी पडते.*